सोन्याचें नाणें : वजन आणि स्मरण

श्रोतेहो, एखाद्या थोर पुरुषाची शताब्दी आली, एखाद्या ऐतिहासिक प्रसंगाला अमुक वर्षें पूर्ण झालीं, कीं त्या निमित्तानें सोन्याचें नवें नाणें निघाल्याची जाहिरात वर्तमानपत्रांत झळकते. एका अंगाला मुद्रा, दुसऱ्या अंगाला वर्ष, मखमलीची डबी, सोबत प्रमाणपत्र, आणि नगसंख्या मर्यादित असल्याचा इशारा! असें नाणें घ्यावें कीं न घ्यावें, हा प्रश्न मग घरोघर निघतो. मी कांहीं अर्थशास्त्रज्ञ नव्हे, नाणकशास्त्राचा पंडितहि नव्हे. शहापूर आणि मुरबाड ह्या दोन तालुक्यांतील मुलांना ज्यानें जन्मभर इतिहास शिकविला असा मी एक निवृत्त शिक्षक आहें. तेव्हां ह्या प्रश्नाचें उत्तर इतिहास काय देतो एवढेंच आज आपणांसमोर मांडण्याचा माझा विचार आहे.

आमच्याकडे हा प्रश्न नुसत्या हौसेचा राहिलेला नाहीं. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग शहापूर तालुक्यांतून गेला; त्याचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजीं खुला झाला. ज्यांच्या जमिनी त्यांत गेल्या त्यांच्या हातीं मोबदल्याची रक्कम आली. राब भाजावा, भाताचें एकच पीक काढावें, आणि तें पुरेनासें झालें म्हणजे खावटी काढून दिवस कंठावे, असा ज्या घरांचा शिरस्ता त्यांत एकदम इतका पैसा पूर्वीं कधीं आला नव्हता. जमीन गेली ती परत येणार नाहीं. तिच्या जागीं जें घ्यावयाचें तें जमिनीसारखें टिकलें पाहिजे. अशा घरांतला मुलगा कल्याणास किंवा ठाण्यास नोकरीवर असतो. तो म्हणतो, “बाबा, दागिना मोडतांना घट येते, मजुरी बुडते, त्यापेक्षां नाणें घेऊं.” आणि घरांतली आजी म्हणते, “अरे, जें गळ्यांत घालतां येत नाहीं तें सोनें कसलें?” दोघांच्याहि म्हणण्यांत तथ्य आहे. तें तथ्य किती, हें पाहण्यासाठीं आपणांस बरेंच मागें गेलें पाहिजे.

मुरबाडहून माळशेज घाटाच्या वाटेला लागलें म्हणजे वैशाखरे गांवाच्या बाजूनें नाणेघाटाची चढण सुरू होते. कल्याण बंदरांत उतरलेला माल जुन्नरकडे नेण्याचा हा प्राचीन मार्ग. घाटमाथ्यावर दगडांत कोरलेला एक मोठा रांजण आहे. व्यापाऱ्यांकडून घेतलेल्या जकातीचीं नाणीं त्यांत टाकीत अशी लोकांची समजूत आहे, आणि घाटाचें नांवहि त्यावरूनच पडलें असें मानतात. तेथल्याच लेण्यांत सातवाहन राणी नागनिका हिचा प्रसिद्ध शिलालेख आहे. राजघराण्यानें केलेल्या यज्ञांची आणि दक्षिणेची ती यादी. तींत गाई, घोडे, हत्ती ह्यांच्या जोडीला हजारोंच्या संख्येनें कार्षापण दिल्याची नोंद आहे. नाण्याचा असा थाटाचा उल्लेख आपल्या तालुक्याच्या उंबरठ्यावर कोरलेला आहे, ही लहान गोष्ट नव्हे.

परंतु गंमत अशी कीं, एवढा व्यापार करणाऱ्या सातवाहनांनीं स्वतःचें सोन्याचें नाणें पाडलें नाहीं. त्यांचीं नाणीं शिशाचीं, तांब्याचीं, मिश्रधातूचीं आणि कांहीं रुप्याचीं. मग सोनें कोठून येई? तें येई रोमहून. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील ‘पेरिप्लस’ ह्या ग्रीक ग्रंथांत कल्याण बंदराचें नांव आहे; आणि भडोचच्या बंदरांत रोमन सोन्यारुप्याचीं नाणीं स्थानिक नाण्यांशीं बदलून घेतांना नफा होई, असेंहि त्यांत सांगितलें आहे. रोमचा ग्रंथकार प्लिनी ह्यानें तर हिंदुस्थानाकडे दरवर्षीं पांच कोटि सेस्टर्सचें द्रव्य वाहून जातें अशी तक्रार लिहून ठेवली आहे. त्या नाण्यांवर रोमन बादशहाचा मुखवटा असे. आपल्या लोकांना त्या बादशहाचें नांव ठाऊक असण्याचें कारण नव्हतें. हिंदुस्थानांत सांपडलेल्या रोमन सुवर्णनाण्यांपैकीं कित्येकांवर छिन्नीची चीर दिलेली आहे आणि कित्येकांना गळ्यांत घालण्यासाठीं भोंक पाडलेलें किंवा कडी लावलेली आहे. म्हणजे बादशहाची मुद्रा बाजूला राहिली. उरलें तें सोनें, आणि त्याचा झाला दागिना. आजीचें मत किती जुनें आहे, हें ह्यावरून दिसून येईल.

हाच प्रकार पुढें पुतळीच्या बाबतींत घडला. आपल्या घरांतून पुतळ्यांची माळ असते. ह्या पुतळीचें मूळ इटलींतील व्हेनिस शहराच्या डुकाट ह्या नाण्यांत आहे. हें नाणें तेराव्या शतकाच्या अखेरीस निघालें आणि १७९७ सालीं तें प्रजासत्ताक बुडेपर्यंत निघत राहिलें. त्याचें वजन सुमारें साडेतीन ग्रॅम, आणि सोनें त्या काळच्या मानानें जवळजवळ निर्भेळ. एका अंगाला संत मार्क ह्याच्यापुढें गुडघे टेकलेला व्हेनिसचा अधिपति आहे. आपल्या लोकांनीं त्या आकृती पाहिल्या आणि नाण्याला ‘पुतळी’ म्हटलें. पांचशें वर्षांत राज्यकर्ते बदलले, परंतु वजन आणि कस बदलला नाहीं, म्हणून परक्या मुलखांत, परक्या लिपींत असलेलें हें नाणें डोळे मिटून घेतलें गेलें. पुढें आपल्याकडील कारागिरांनीं त्याच्या नकलाहि पाडल्या. त्यांवरील अक्षरें कोणालाच वाचतां येण्यासारखीं नव्हतीं. पण माळ तशीच चालू राहिली. नाण्यावरील विश्वास अक्षरांवर नसतो, वजनावर व कसावर असतो, हा धडा ह्यांतून मिळतो.

आतां आपण आपल्या स्वराज्याकडे वळूं. आसनगांव स्टेशनावरून माहुलीचे सुळके स्पष्ट दिसतात. १६३६ सालीं शहाजीराजांना ह्याच किल्ल्यावर शरण जावें लागलें. पुढें शिवाजी महाराजांनीं तो स्वराज्यांत आणला. पण १६६५ सालीं पुरंदरच्या तहांत जे तेवीस किल्ले मोगलांना द्यावे लागले त्यांत माहुलीहि गेला. त्या तहांतील हिशेब होनांत मांडलेला आहे. तेवीस किल्ले आणि त्यांखालील चार लक्ष होनांचा मुलूख मोगलांकडे, आणि बारा किल्ले व एक लक्ष होनांचा मुलूख महाराजांकडे. १६७० सालीं मोरोपंत पिंगळ्यांनीं माहुली परत घेतला. ज्या होनांत राज्यें मोजलीं जात, ते होन त्या वेळपर्यंत दुसऱ्यांचेच होते. दक्षिणेंत निरनिराळ्या सत्तांचे होन चालत. सभासदाच्या बखरींत महाराजांच्या खजिन्यांतील होनांच्या कितीतरी जाती दिलेल्या आहेत.

६ जून १६७४ रोजीं रायगडावर राज्याभिषेक झाला आणि महाराजांनीं स्वतःचा होन पाडला. एका अंगाला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या अंगाला ‘छत्रपति’, आणि वजन सुमारें पाव तोळा. आजच्या अर्थानें हें स्मारकनाणें नव्हे. तें सार्वभौमत्वाचें चिन्ह होतें. तथापि एका प्रसंगाशीं कायमचें जोडलें गेलेलें सोन्याचें नाणें म्हणून महाराष्ट्रांत ह्याच्याइतकें मानाचें दुसरें नाहीं. आज मूळ शिवराई होन अत्यंत दुर्मिळ आहे. उलट तांब्याची शिवराई इतकी चालली, कीं इंग्रजी अमदानींतहि कित्येक वर्षें ती बाजारांत फिरत होती.

ह्या राज्याभिषेकाच्या वेळचीच एक गोष्ट आजच्या आपल्या प्रश्नाला नेमकी लागू पडते. मुंबईच्या इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन त्या वेळीं रायगडावर होता. राज्याभिषेकापूर्वीं महाराजांची सुवर्णतुला झाली तेव्हां सुमारें सोळा हजार होन लागले, असें त्यानें नोंदविलें आहे. इंग्रजांना महाराजांशीं तह करावयाचा होता. त्यांच्या मागण्यांत एक कलम असें होतें, कीं इंग्रजांचें नाणें महाराजांच्या राज्यांत चालावें. महाराजांचें उत्तर मोठें मार्मिक आहे. हें कलम घालण्याचें कारण नाहीं, असें त्यांच्याकडून सांगण्यांत आलें. कोणत्याहि नाण्याच्या चलनाला आमची मनाई नाहीं. परंतु ज्यांत रयतेचें नुकसान होईल असें नाणें घेण्याची सक्ति आम्ही तिच्यावर करूं शकत नाहीं. तुमचें नाणें मोगलांच्या व इतर राजांच्या नाण्याइतकें शुद्ध आणि वजनदार असेल, तर तें आपोआप चालेल!

श्रोतेहो, स्वतःच्या नांवाचें सोन्याचें नाणें नुकतेंच पाडणारा राजा हें बोलत आहे. राजमुद्रेचा अभिमान त्याला किती असेल ह्याची आपण कल्पना करूं शकतों. तरीहि नाण्याची परीक्षा मुद्रेवर नव्हे, कसावर आणि वजनावर व्हावी, आणि रयतेचें नुकसान होऊं नये, हा त्याचा निकष. आज त्याच महाराजांचें नांव घेऊन जें नाणें विकावयास येतें त्याला हाच निकष लावला तर तो महाराजांचा अवमान नव्हे. ती त्यांचीच शिकवण आहे.

इंग्रजी राज्यांतील सोन्याच्या नाण्याचा इतिहास तर आपणांस अधिक सावध करणारा आहे. कंपनी सरकारनें १८३५ सालीं सर्वत्र एकच रुपया सुरू केला आणि पंधरा रुपयांची सोन्याची मोहर काढली. परंतु व्यवहारांतील कायदेशीर चलन म्हणून मान राहिला तो रुपयालाच. १८५३ च्या आरंभापासून सरकारी खजिन्यांत सोन्याचें नाणें घेण्याचेंहि बंद झालें. पुढें १८९९ सालीं इंग्लंडचें सॉव्हरिन, म्हणजे आपल्याकडची गिन्नी, पंधरा रुपयांच्या दरानें कायदेशीर ठरली. पहिल्या महायुद्धाच्या शेवटच्या वर्षीं, १९१८ सालीं, मुंबईच्या टांकसाळींत ह्या गिन्न्या पाडल्या गेल्या. हिंदुस्थानची खूण म्हणून त्यांवर ‘आय’ हें इंग्रजी अक्षर बारीक उमटविलेलें आहे. त्याच वर्षीं, त्याच वजनाची, पंधरा रुपयांची मोहरहि निघाली. दोनच वर्षांनीं, १९२० सालीं, सरकारनें गिन्नीची किंमत पंधरांवरून दहा रुपये ठरविली, आणि १९२७ सालीं तिचा चलनाचा अधिकारच काढून घेतला.

आतां ह्यांतील मर्म पाहा. गिन्नीचें वजन सुमारें आठ ग्रॅम, कस बावीस कॅरेट, शुद्ध सोनें ७·३२ ग्रॅम. पंधरांच्या दहा झाल्या त्या दिवशीं ह्यांतला एक कणहि कमी झाला नाहीं. सरकारी कागदावरची किंमत खालीं आली, आणि बाजारांतली किंमत सोन्याच्या भावाप्रमाणें वेगळीच राहिली. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला १८८७ सालीं पन्नास वर्षें झालीं तेव्हां गिन्नीवर राणीची नवी प्रतिमा आली. ती लोकांना फारशी आवडली नाहीं आणि १८९३ सालीं बदलावी लागली. जुबिलीची गिन्नी, आधींची गिन्नी आणि नंतरची गिन्नी सराफाच्या तराजूंत मात्र सारखीच!

सोनें घरांत कशासाठीं ठेवावयाचें, हें १९३१ सालानें शिकविलें. जगभर मंदी आली, शेतमालाचे भाव कोसळले, आणि सारा व सावकाराचें देणें तेवढें जागच्या जागीं राहिलें. त्या वर्षाच्या सप्टेंबरांत इंग्लंडनें सुवर्णचलन सोडलें. तोळ्याला एकवीस रुपयांच्या आसपास असलेला सोन्याचा भाव पुढें तिसांच्या पलीकडे चढला. मग देशांतील खेड्यापाड्यांतून सोनें बाहेर पडूं लागलें, आणि बोटी भरभरून परदेशीं गेलें. तें विकणाऱ्यांतील बहुतेकांनीं नफ्यासाठीं विकलें नाहीं. देणें भागविण्यासाठीं विकलें. त्या वेळीं कोणाची पुतळी कोणत्या बादशाहींतली, कोणाची मोहर कोणत्या सालची, हें विचारण्यास कोणी थांबलें नाहीं. अडीअडचणींत सोनें वजनावरच विकलें जातें. आपल्या प्रश्नाच्या मुळाशीं हेंच वाक्य आहे.

स्वातंत्र्यानंतरचाहि एक अनुभव जमेस धरला पाहिजे. जानेवारी १९६३ मध्यें मोरारजी देसाई अर्थमंत्री असतांना सुवर्णनियंत्रणाचे नियम आले. चौदा कॅरेटपेक्षां अधिक कसाचे नवे दागिने घडविण्यास बंदी झाली, आणि दागिन्यांखेरीज इतर सोन्याची नोंद सरकारांत करणें भाग पडलें. चौदा कॅरेटची अट पुढें १९६६ सालीं शिथिल झाली. परंतु १९६८ चा सुवर्णनियंत्रण कायदा १९९० पर्यंत चालूच होता. ह्या सत्तावीस वर्षांत आजीच्या गळ्यांतील माळेकडे सरकारनें एका नजरेनें पाहिलें आणि पेटींतल्या सोन्याकडे दुसऱ्या नजरेनें. दागिन्यावर आपल्या बायकांची निष्ठा कां, ह्याचें एक कारण येथें आहे. तो नियम आज नाहीं. तेव्हां त्या कारणानें नाण्याला भिण्याचें प्रयोजन उरलेलें नाहीं.

आतां आजच्या नाण्यांकडे येऊं. स्वतंत्र भारतानें पहिलीं स्मारकनाणीं १९६४ सालीं पंडित नेहरूंच्या स्मरणार्थ काढलीं. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराला सहस्र वर्षें झालीं म्हणून २०१० सालीं एक हजार रुपयांचें नाणें निघालें, तेंहि रुप्याच्या मिश्रधातूचें. सोन्याचें म्हणाल तर नोव्हेंबर २०१५ मध्यें केंद्र सरकारनें अशोकचक्र असलेलें चोवीस कॅरेटचें भारतीय सुवर्णनाणें विक्रीस आणलें, पांच व दहा ग्रॅमचें. ह्याशिवाय सराफ व खाजगी टांकसाळी प्रसंगाप्रसंगानें नाणीं काढतात. राज्याभिषेकाला ३५० वर्षें झालीं त्या सुमारास शिवराई होनाच्या प्रतिकृती बाजारांत पुष्कळ दिसल्या. त्यांत कांहीं सोन्याच्या, आणि कांहीं पितळेवर सोन्याचा मुलामा दिलेल्या. मुलाम्याच्या नाण्याच्या जाहिरातींतहि ‘२४ कॅरेट’ हे शब्द असूं शकतात. ते त्या पातळ थराला उद्देशून असतात. म्हणून पहिली गोष्ट ही, कीं एकूण वजन किती आणि त्यांत सोनें किती, हे दोन आंकडे स्पष्ट लिहिलेले नसतील तर पुढें बोलूंच नये.

हे आंकडे मिळाल्यावर नाण्याच्या किमतीचे तीन भाग पाडावे. पहिला भाग सोन्याचा. दुसरा घडणावळीचा आणि कराचा. तिसरा स्मरणाचा, म्हणजे प्रसंगासाठीं जें अधिक घेतलें जातें त्याचा. हिशेबाच्या सोईसाठीं समजा, दहा ग्रॅम शुद्ध सोन्याचा भाव एक लक्ष रुपये आहे. २०२५ सालीं तो त्याच्याहि पलीकडे गेला, पण आंकडा सोपा असावा. स्मारकनाण्याला विक्रेता १,१२,००० रुपये मागतो. त्यावर तीन टक्के कर ३,३६० रुपये. एकूण पडले १,१५,३६० रुपये. उद्यां तेंच नाणें मोडावयास नेलें तर सराफ सोन्याचा भाव देईल, म्हणजे फार तर एक लक्ष. सोनें पंधरा टक्क्यांहून अधिक वाढेल तेव्हां कोठें आपण मूळपदावर येऊं. उलट साधें, बिनप्रसंगाचें नाणें १,०२,००० ला मिळालें, तर करासह १,०५,०६० होतात. त्यांत तूट पांच हजारांची. दोन्हीं नाण्यांत सोनें तेवढेंच. मधला दहा हजारांचा फरक ही स्मरणाची किंमत होय.

“पण गुरुजी, पुढें नाणें दुर्मिळ होईल आणि त्याची किंमत वाढेल,” असें कोणी म्हणेल. विक्रेतेहि असेंच सांगतात. ह्यावर इतिहासाचें म्हणणें ऐका. शिवराई होन दुर्मिळ झाला तो कोणीं ठरवून नव्हे. राज्यावर संकटें आलीं, खजिने लुटले गेले, नाणीं आटविलीं गेलीं. सोनें टिकलें, मुद्रा नाहींशी झाली. त्या विध्वंसांतून वांचलेले थोडे होन म्हणून आज अमोल आहेत. जें नाणें पहिल्या दिवसापासून डबींत जपून ठेवण्यासाठींच घेतलें जातें तें सर्वांकडेच शिल्लक राहतें. मग दुर्मिळता येणार कोठून? शिवाय दुर्मिळ नाण्याला किंमत देणारा संग्राहक गांठावा लागतो. लग्न तोंडावर आलें असतां, किंवा घरांत आजारपण असतां, शहापूरच्या किंवा मुरबाडच्या पेठेंतून तसा संग्राहक शोधीत कोण हिंडणार?

ह्याचा अर्थ स्मारकनाणें घेऊंच नये असा मात्र नव्हे. स्मरणालाहि किंमत आहे, आणि ती देणें हा कांहीं अपराध नाहीं. आपण वर्गणी देऊन ग्रंथ घेतों, पुतळ्याला देणगी देतों, तेव्हां तो पैसा परत मागतों काय? नातवाच्या हातीं एक होन ठेवून त्याला रायगडाची गोष्ट सांगावी, ह्यांत आनंद आहे. परंतु मग तो खर्च खर्च म्हणूनच लिहावा, ठेव म्हणून नव्हे; आणि हौसेला पुरेल एवढ्याच वजनाचें नाणें घ्यावें. ज्याला केवळ स्मरण हवें त्याला तांब्याची जुनी शिवराईहि पुरेशी आहे. खऱ्या-खोट्याची पारख असणाऱ्याकडून घेतल्यास ती थोड्या पैशांत मिळते, आणि ती कोणा शेतकऱ्याच्या कनवटीला प्रत्यक्ष राहिलेली असते.

जमिनीच्या मोबदल्याचा पैसा ही गोष्ट मात्र निराळी. तो हौसेचा पैसा नव्हे. त्यांतून सोनें घ्यावयाचेंच असेल तर प्रसंगासाठीं अधिक पैसे न मोजतां घ्यावें. शुद्धतेची खूण पाहावी, वजन समोर करून घ्यावें, पक्की पावती घ्यावी, आणि परत घेतांना काय दर लावणार हें घेण्यापूर्वींच विचारावें. शक्य तर एक मोठें नाणें घेण्यापेक्षां लहान लहान घ्यावीं, म्हणजे गरजेपुरतेंच मोडतां येतें. आजीला माळ हवी असेल तर ती करावी. ती अंगावर मिरवते, तिची घडणावळ हा मिरवण्याचा मोबदला समजावा. आणि सगळाच पैसा सोन्यांत घालूं नये. कारण सोनें अडचणींत उपयोगी पडतें, पण जमिनीसारखें दरवर्षीं पिकत नाहीं.

पुतळीपासून गिन्नीपर्यंत, नाणेघाटापासून मुंबईच्या टांकसाळीपर्यंत, आपल्या वाडवडिलांनीं परक्यांचीं नाणीं घेतलीं, स्वकीयांचींहि घेतलीं. परंतु तराजूंत घातल्यावांचून कोणतेंच घेतलें नाहीं. छत्रपतींनीं रायगडावर इंग्रज वकिलाला जें सांगितलें तेंच आपण दुकानदाराला सांगावें : कस आणि वजन चोख असेल तर आमची ना नाहीं, मात्र नुकसान सोसून घेण्याची सक्ति आमच्यावर कोणाचीहि नाहीं.